बैलाची पावती घेता, फटफटीची का नाही?

हा सौदा तुम्ही पाहिला आहे. कदाचित केलाही असेल. कापसाचे चुकारे हाती आलेले असतात. पोरगा महिनाभर मागे लागलेला असतो. आणि देवळीतल्या एखाद्या चहाच्या टपरीपुढे एक जुनी बुलेट उभी असते. हँडल उंच केलेले, मागचा टायर रुंद, टाकीला काळा रंग, आणि सायलेन्सर असा की गाडी तीन वावरांपलीकडे असली तरी कळावे.

"कितीले देता भाऊ?"

"साठ सांगून राह्यलो. तुमाले पंचावन्नले देतो. सायलेन्सर अन् टायरवरच किती पैसे लावले पाहा ना जी."

"कागद?"

"कागद आहेत ना. आरसी देतो, बॉन्डवर लिहून देतो. अजून काय पायजे बाप्पा?"

चहा होतो, पैसे मोजले जातात, दोन साक्षीदार सह्या करतात आणि गाडी जाते. घेणारा खूश, विकणारा खूश. या सौद्यात एक गोष्ट राहिली आहे हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. ती ध्यानात येते दोन वर्षांनी, जेव्हा दारात समन्स येते. आणि ते समन्स बहुतेक वेळा विकणाऱ्याच्या दारात येते.

सातबारा आणि आरसी

आपल्याला जमिनीचा व्यवहार कळतो. खरेदीखत झाले म्हणजे काम संपले असे कोणताही शहाणा शेतकरी मानत नाही. फेरफार झाला का, सातबाऱ्यावर नाव चढले का, हे तो तलाठी कार्यालयात चार खेटे घालून पाहतो. बैल घेतानाही बाजाराची पावती घेतल्याशिवाय दावे हाती धरत नाही, कारण वाटेत कोणी अडवले तर "हा बैल माझा" हे दाखवायला दुसरे काही नसते.

मग मोटारसायकलच्या बाबतीतच आपण असे भोळे का होतो? गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. बॉन्डवरचे लिखाण हे फार तर सौद्याचा पुरावा आहे. पूर्वी ते शंभराच्या मुद्रांकावर होई. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात किमान मुद्रांक पाचशेचा झाला. पण मुद्रांक पाचशेचा असो की पाच हजारांचा, त्याने आरसीवरचे नाव बदलत नाही. नाव बदलते ते परिवहन कार्यालयात, म्हणजे आपल्यासाठी वर्ध्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात.

आता "नाव नाही बदलले तर काय बिघडते?" असे कोणी विचारील, तर सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल सांगतो. एका माणसाने २००७ मध्ये आपली मोटार विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे अशी चार हातांतून फिरली. आरसीवर नाव मात्र पहिल्याचेच राहिले. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात होऊन एक जीव गेला. गाडीला विमा नव्हता. भरपाई कोणी द्यायची, यावर प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. न्यायालयाने सांगितले की कायद्याच्या नजरेत आरसीवर ज्याचे नाव तो मालक. गाडी विकून दोन वर्षे झालेल्या माणसावर जबाबदारी आली. अपघातात सापडलेल्या कुटुंबाने गाडी कुठून कुठे गेली याचा माग काढत फिरायचे काय, हा न्यायालयाचा विचार होता, आणि तो बरोबरच आहे. ती चारचाकी होती. मोटारसायकलला कायदा तोच.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. देवळी तालुक्याच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो, तिथे ती नाही. जिल्ह्याच्या हद्दीतून चोरटी दारू कशावर येते हे पोलीस पाटलांना सांगायला नको. दारू वाहणारी गाडी दारूबंदी कायद्याखाली जप्त होते आणि पहिली चौकशी होते ती आरसीवरच्या नावाची. तुम्ही गाडी विकली आहे हे तुम्हाला माहीत आहे, साक्षीदारांना माहीत आहे, टपरीवाल्यालाही माहीत आहे. पोलिसांच्या मोबाईलवर मात्र तुमचेच नाव येते.

दोन फॉर्म, दोन मुदती

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० मध्ये सारे स्पष्ट आहे. ते सोप्या भाषेत असे.

विकणाऱ्याने फॉर्म २९ भरायचा. "मी ही गाडी अमुक तारखेला अमुक माणसाला दिली" अशी ही सूचना असते. मुदत १४ दिवस. गाडी परराज्यात विकली असेल तर ४५ दिवस, आणि तेव्हा फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. घेणाऱ्याने फॉर्म ३० भरून ३० दिवसांत आपल्या नावावर गाडी करण्याचा अर्ज द्यायचा. तो अर्ज घेणारा जिथे राहतो तिथल्या कार्यालयात जातो.

आपल्याकडे होते काय, की विकणारा कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या करून देतो आणि "करून घेजो रे भाऊ" म्हणून मोकळा होतो. घेणारा ते कागद डिकीत टाकतो आणि विसरतो. पुढे तीच गाडी त्याच कोऱ्या सह्यांवर तिसऱ्याला जाते. म्हणून विकणाऱ्यांनो, कोऱ्या कागदावर सही नाही. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख तुमच्यासमोर भरा आणि फॉर्म २९ ची सूचना स्वतः कार्यालयात पोचवून पोच घ्या. ती पोच म्हणजे तुमची बैलबाजाराची पावती.

केंद्रीय नियमांप्रमाणे दुचाकीच्या हस्तांतरणाची फी १५० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २०० रुपये. एजंटाचे काय ते वेगळे. पंचावन्न हजारांच्या सौद्यात हा खर्च पेंडीच्या पोत्याइतकाही नाही.

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असते. कर्ज फिटले एवढे पुरत नाही. त्यांच्या सहीचा फॉर्म ३५ आणि ना-हरकत घेऊन ती नोंद उतरवावी लागते. ती उतरली नाही तर गाडी तुमच्या नावावर होणार नाही, आणि हप्ते थकले असतील तर वसुलीवाले एके दिवशी तुमच्या अंगणातून गाडी नेतील.

गाडीचा मालक वारला असेल तर वारसाने आधी गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, त्यासाठी फॉर्म ३१ आहे. मृत्यूच्या दाखल्यासह तीन महिन्यांत अर्ज द्यायचा असतो. बापाच्या नावची राजदूत पोराने परस्पर विकणे म्हणजे वारसाच्या फेरफाराआधीच वावर विकण्यासारखे आहे.

हौसेची गाडी, कायद्याची अडचण

आता त्या उंच हँडलकडे आणि फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरकडे वळू.

मोटारसायकलमध्ये फेरफार करण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे आणि त्यातले बरेचसे गरजेपोटी झाले आहे. दूधवाल्यांनी राजदूतला दोन्ही बाजूंनी आकडे जोडून कॅन लटकवले. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी या शेतकऱ्याने नव्वदच्या दशकात बुलेटला डिझेल इंजिन बसवले, मागचे चाक काढून दोन चाकांची जोडणी केली आणि वखरणी-पेरणी करणारी 'बुलेट सांती' तयार केली. बैल परवडेनासे झाले आणि मजूर मिळेना, त्यावर त्यांनी काढलेला हा तोडगा. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांची दखल घेतली. डोके चालवणाऱ्या शेतकऱ्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

पण वावर वेगळे आणि रस्ता वेगळा. कायद्याचे कलम ५२ सांगते की कारखान्याने जशी गाडी बनवली आणि आरसीवर जशी नोंदली, तिच्या मूळ स्वरूपाशी विसंगत बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. टपरीपुढच्या त्या बुलेटवर कोणते बदल कायद्याच्या कचाट्यात येतात ते मोजा. ज्यासाठी तुम्ही जास्तीचे पैसे देत आहात, त्यासाठीच दंडही तुम्हालाच आहे, कारण उद्यापासून मालक तुम्ही.

सगळेच बदल गुन्हा नव्हेत. सीट कव्हर, टाकीची पिशवी, आरसा बदलणे याला कोणी हात लावत नाही. गाडीच्या रचनेत बदल होऊन तिचे मूळ स्वरूप बदलले, तर कलम ५२ लागू होते. इंजिन बदलले तर आधी परवानगी आणि मग आरसीवर नोंद हवी. रंग बदलला तर तोही आरसीशी जुळवून घ्यावा लागतो. दिव्यांग व्यक्तीसाठी बाजूला दोन चाके जोडायची असतील तर त्याला कायद्यात मुभा आहे, परिवहन कार्यालयाची मान्यता मात्र घ्यावी लागते. सायलेन्सरचा गोंगाट वेगळ्या कलमाखाली येतो आणि त्याचा दंड मोठा आहे. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर काढून रोडरोलरखाली चिरडले. नंबर असा रंगवायचा की ४१४१ चा 'दादा' दिसावा, हेही नियमबाह्य. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही राज्यात आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक केली आहे. ती नसेल तर हस्तांतरणाचे काम अडू शकते.

जुन्या गाडीत आणखी एक फट असते. नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद झाला. म्हणजे यातल्या कोणत्याही गाडीचे नूतनीकरण एव्हाना किमान तीनदा व्हायला हवे होते. ते झाले नसेल तर आधी ते करावे लागते, आणि त्यासाठी गाडी निरीक्षकापुढे उभी करावी लागते. तिथे उंच हँडल आणि मोकळा सायलेन्सर चालत नाही. कित्येक जुनी आरसी पुस्तके संगणकावर चढलेलीच नाहीत. त्यांची नोंद आधी करून घ्यावी लागते. हे सारे सौद्याआधी विचारायचे असते.

पारख कशी करावी

बैल घेताना तुम्ही दात पाहता, खूर पाहता, चालवून पाहता. गाडीचेही तेच करा. फक्त मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याचा नको.

पहिले काम, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर. चेसिस नंबर साधारणतः हँडलच्या दांड्याजवळ फ्रेमवर ठोकलेला असतो, इंजिन नंबर इंजिनच्या कवचावर. चिंधीने पुसून, आरसी हातात धरून एकेक आकडा जुळवा. घासल्याची खूण, नवा रंग, वाकडेतिकडे आकडे दिसले तर चहाही न पिता निघा. चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. 'फेरफार केलेल्या' गाडीत हा धोका जास्त, कारण एका गाडीची फ्रेम, दुसरीचे इंजिन आणि तिसरीची टाकी एकत्र येण्याची शक्यता तिथेच असते.

दुसरे, एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणी कधीपर्यंत, विमा आहे का, कर्ज आहे का, पीयूसी कधी संपते, हे पाच मिनिटांत कळते. थकलेली ई-चलनेही पाहा. आपल्याला जमत नसेल तर शाळेत जाणारी पोरगी पाहून देईल.

तिसरे, इंजिन थंड असताना जा. तुम्ही पोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर समजा की सकाळी ती सहज सुरू होत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकला थोडा धूर असायचाच.

चौथे, फेरफारांच्या जागा. 'पिकअप' वाढवायला एअर फिल्टर काढून टाकलेली गाडी असेल तर आपल्या पांदणीची धूळ थेट सिलिंडरमध्ये गेली आहे. पिस्टन-रिंगचा खर्च धरून चाला. कॅनचे आकडे फ्रेमला वेल्डिंग केले असतील तर सांध्याशी तडा गेला आहे का पाहा. मोठे दिवे, जादा हॉर्न बसवले असतील तर वायरिंगमध्ये किती ठिकाणी चिकटपट्टी आहे ते मोजा. रुंद टायर मागच्या फोर्कला किंवा चेनला घासतो का, तेही पाहा. ब्रेक मात्र स्वतः चालवून पाहा. तोंडी ग्वाहीवर ब्रेक घेऊ नका.

हौसेचे पैसे परत येत नाहीत

विकणाऱ्या बंधूंनाही एक गोष्ट सांगायला हवी. तुम्ही टायर, हँडल, रंगावर घातलेले पैसे ही तुमची हौस होती. घेणारा तिचे मोल देईलच असे नाही. उलट सगळे मूळ रूपात आणायला त्याला खर्च येईल, तो तो किमतीतून वजा करील. जुन्या गाड्यांचे खरे शौकीनही मूळ भागांनाच जास्त किंमत देतात. म्हणून काढलेला सायलेन्सर, जुने हँडल, आरसे भंगारात देऊ नका. कोठ्यात टांगून ठेवा आणि विकताना गाडीबरोबर द्या. 'मूळ सामान सोबत' या तीन शब्दांना बाजारात वजन आहे.

आणि काय बदलले आहे ते लपवू नका. करारात लिहा. विम्याच्या बाबतीतही तसेच. बदल कंपनीला कळवले नसतील तर गाडीच्या नुकसानीचा दावा ती नाकारू शकते. तिसऱ्या व्यक्तीचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण त्यानेही १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज द्यायचा आहे. गाडी स्वतःच्या पोराला चालवू द्यायची असेल तर आधी त्याचे वय पाहा. अठराच्या आतल्याने कायदा मोडला तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

पोलीस पाटील, ग्रामसेवक, सरपंच यांना अनेकदा बॉन्डवर साक्षीदार म्हणून बोलावले जाते. ओळखीखातर सही करावी लागते. आमचे म्हणणे एवढेच की सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. आरसीवरचा मालक हाच आहे का? फॉर्म २९ वर घेणाऱ्याचे नाव भरले का? चेसिस नंबर कोणी पाहिला का? तुम्ही विचारले की दोन्ही बाजू सावध होतात. पैसे बँकेतून किंवा मोबाईलवरून दिलेले बरे, म्हणजे रकमेचा वाद राहत नाही. करारावर फक्त तारीख नव्हे, वेळही लिहायला लावा. सकाळी अकराला गाडी दिली आणि संध्याकाळी पाचला अपघात झाला, तर मधले सहा तास कोणाचे, हे त्या एका ओळीवर ठरू शकते.

रेल्वे २०२४ मध्ये वर्ध्याहून देवळीमार्गे कळंबपर्यंत आली, रस्ते रुंद झाले. तरी वावरात खत न्यायला, रात्री कोणाला दवाखान्यात पोचवायला मोटारसायकलच कामी येते. जुनी घ्यावी, हौसेने घ्यावी, त्यात वावगे काही नाही.

फक्त त्या टपरीपुढे उभे असताना, "आरसी देतो, बॉन्डवर लिहून देतो, अजून काय पायजे?" असे विचारले गेले, की म्हणा, "अजून एक काम आहे ना जी. उद्या दोघं मिळून वर्ध्याले जाऊ. नाव चढलं का मग चहा माह्या कडून."

जो यायला तयार होईल त्याच्याशी सौदा करा. जो कारणे सांगेल, त्याची गाडी कितीही चांगली दिसत असो, ती त्याच्याच दारात राहू द्या.